कात्रीबाईंचे टेबल

मित्रांनो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी जेवणाचे टेबल वाटतो. एका पाहुण्याने तर माझ्यावर चहाचा कप ठेवला होता. माझ्यावर शिकवणाऱ्या बाईंनी तो दोन बोटांनी उचलून त्याच्या हातात परत दिला. मी आहे चित्रपट जोडण्याचे जुने टेबल. चित्रपट जेव्हा फितीवर निघत आणि ती फीत हाताने कापून, चिकटवून सिनेमा तयार होई, तेव्हा ते काम माझ्यावर चाले. माझ्या पाठीवर सहा तबकड्या आहेत, मधोमध वहीएवढा पडदा आहे आणि उजव्या हाताशी एक दांडी आहे. दांडी पुढे ढकलली की चित्र पुढे पळते, मागे ओढली की मागे. माझे सगळे शहाणपण एवढेच. आता मी दमलो आहे. सांगताना मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिराने माझी दातेरी चाके बसवली, तो प्रत्येक चाक बसवल्यावर डोळे मिटून त्यावरून बोट फिरवी. कुठे खरखर लागली की पुन्हा कानस हातात घेई. त्याच्या त्या बोटाच्या जिवावर मी चाळीस वर्षे एकाही फितीला ओरखडा काढला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायलाही अंगात थोडा जोर लागतो.

सिनेमा शिकवणाऱ्या एका कॉलेजाने मला घेतले. जिन्यात मी मावेना, म्हणून खिडकीची चौकट काढून दोरखंडाने मला तिसऱ्या मजल्यावर ओढून घेतले. सुरुवातीची वर्षे मानाची गेली. माझ्यापाशी बसायला मिळावे म्हणून दारावर नावांची यादी लागे आणि यादीवरून भांडणे होत. मग संगणक आले. ते तळमजल्यावर थंडगार खोलीत बसले आणि माझ्या दारावरची यादी एके दिवशी गळून पडली ती कोणी पुन्हा लावली नाही. मी भंगारात गेलो नाही याचे कारण एकच, कात्रीबाई.

बाई संकलन शिकवत. कात्रीबाई हे नाव मुलांनी पाडलेले. त्यांच्या कानावर ते कधीच गेले होते आणि त्यांना ते आवडत असावे. संगणकावर हवे ते करा, पण पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने तीन मिनिटांचा एक चित्रपट माझ्यावर, हाताने कापलाच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आणि त्यांचा एक नियम होता. कापलेला तुकडा फेकायचा नाही. माझ्या शेजारी खिळ्यांची एक पट्टी आहे, तिच्याखाली कापडी पिशवी. तुकडा खिळ्याला अडकवायचा, वर नंबर लिहायचा आणि आठवडाभर तसाच लोंबू द्यायचा. मुलांनी काम दाखवायला बोलावले की बाई आधी पडद्याकडे बघत नसत. त्या खिळ्यांकडे जात, एकेक तुकडा उजेडासमोर धरून वाचत. म्हणत, "काय ठेवलंय ते कळेलच. काय टाकलंय ते आधी बघू दे."

"बाई, इथे कापू का?" असे दिवसातून पन्नास वेळा कोणीतरी विचारी. बाई हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. "पुन्हा एकदा चालवून बघ," एवढेच.

मग बाईंचा उजवा हात कापू लागला. आधी थोडा, मग चष्मा काढतानाही दिसेल इतका. त्याच वर्षी त्या जिन्यात पडल्या. आणि महिन्याभरात फळ्यावर सूचना लागली की पुढच्या सत्रापासून हाताने करायच्या संकलनाचा वर्ग बंद होईल आणि प्रकृतीच्या कारणास्तव बाईंना निवृत्ती देण्यात येईल.

मुलांनी प्राचार्यांना पत्र दिले. खाली सह्यांचे दोन कागद जोडले. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. तेही कधीकाळी माझ्याच दांडीशी बसून शिकलेले. ते म्हणाले, तीन आठवड्यांनी मंगळवारी यावर शेवटचा निर्णय घ्यायला समिती बसणार आहे, तुम्हाला दहा मिनिटे देतो.

वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो कॅन्टीनमधल्या रांगेबद्दलही बाजू मांडायचा. तो म्हणाला, "सिनेमाची पोरं आणि कागद घेऊन जाणार? फिल्म दाखवू." त्याच्याबरोबर सदा टोपी घालून फिरणारी एक मुलगी होती, तिला टोपीच म्हणत. दोघांनी मिळून बाईंना सांगितले की हातांचा अभ्यास करायचाय, तुम्ही शिकवताना कॅमेरा लावला तर चालेल का. बाई म्हणाल्या, "लावा. पण माझ्या उजेडात उभं राहू नका."

चार दिवस त्यांनी चित्रण केले. मग माझ्यावर बसून ते जोडले. त्या दिवसांत मला फार दिवसांनी काम होते आणि खरे सांगतो, झेपत नव्हते. माझा पट्टा सटके, दिवा मिणमिणे. टोपी पट्टा पुन्हा चढवी आणि मला थोपटी, जसे एखाद्या आजोबांना थोपटावे.

सोमवारी सकाळी बाई वर आल्या. समितीला आठ दिवस होते. नेहमीप्रमाणे आधी खिळ्यांकडे गेल्या. एक लांबलचक तुकडा वरपासून थेट पिशवीपर्यंत लोंबत होता. बाईंनी तो उजेडासमोर धरला. बराच वेळ धरला.

"हा कोण?" त्यांनी विचारले.

"तुमचा हात आहे, बाई," टोपी म्हणाली.

"तो ओळखते मी. जन्मापासून माझ्याकडेच आहे. इथे का लटकतोय?"

"लांबत होता तो भाग," वकील म्हणाला. "लय जात होती."

बाईंनी शेजारचा तुकडा पाहिला. त्याच्या शेजारचाही. सगळ्यांत तोच हात होता, फितीजवळ येणारा, थरथर कापणारा, परत टेबलावर ठेवलेला.

"वकीलसाहेब, अशिलाचा हातच लपवलात होय?"

वकील गप्प बसला. तो गप्प बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. शेवटी टोपीने सगळे सांगितले. "सूचना वाचलीत ना, बाई? तुम्हाला काढतायत. हे कमिटीला दाखवायचंय. हात दिसला तर ते म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो ना."

"म्हणू देत."

"असं कसं म्हणू देत? मग आम्ही कशाला करतोय हे सगळं?"

"ते मला काय ठाऊक. मला कोणी विचारलं होतं का?" बाई स्टुलावर बसल्या. रागावल्या नव्हत्या, फक्त दमल्या होत्या. तिसरा मजला चढून आल्यावर त्यांना बोलायलाही वेळ लागे. "हे बघा, फिल्म तुमची आहे. मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. पुन्हा एकदा चालवून बघा." आणि त्या उठून गेल्या. प्रत्येक वळणावर त्या थांबत होत्या. पावले थांबली की मुलेही ऐकत थांबत.

मुलांनी फिल्म चालवली. मी ती पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे नेली. पडद्यावर बाई फीत उचलत आणि दुसऱ्याच क्षणी फीत कापलेली असे. सुबक, झटपट.

"हे जादूचे प्रयोग वाटतायत रे," टोपी म्हणाली. "शिकवणं नाही वाटत. पडद्यावरच्या या बाईंसारखी दुसरी कोणीही आणता येईल."

"आणि ते तुकडे घातले तर?" वकील म्हणाला. "आपल्याच हातांनी बाईंना घरी पाठवू."

 शुक्रवारपर्यंत तुकडे लोंबत होते. शुक्रवारी टोपीने पहिला तुकडा काढला, नंबर पाहिला आणि वकिलासमोर धरला. त्याने तोंड वाकडे केले, पण चिकटपट्टी त्यानेच फाडून दिली.

मंगळवारी समितीला वर यावे लागले, कारण मला खाली नेणे शक्य नव्हते. प्राचार्य पोहोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. समितीतले दोघे दुसऱ्या मजल्यावर पाणी पिऊन आले. त्यांच्या मागून एक स्त्री आली, चाळिशीची, औषधाच्या दुकानाचा कोट तसाच अंगात. ती आमच्या बाईंची मुलगी होती. तिला पाहून बाई म्हणाल्या, "तू गं कशी?" ती म्हणाली, "प्राचार्यांनी बोलावलंय मला," आणि भिंतीपाशी उभी राहिली.

मी फिल्म दाखवली. पडद्यावर बाईंचा हात फितीजवळ आला आणि थरथर कापू लागला. बाईंनी कात्री खाली ठेवली. हात टेबलावर पालथा ठेवला आणि वाट पाहिली. अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत शेजारी बसलेला वकील फितीकडे बघत होता, मग त्याने मान हलवली आणि फितीवरच्या दोन चित्रचौकटी मागे बोट ठेवले. बाईंनी हात उचलला. तो स्थिर झाला होता. तिथेच त्यांनी कापले.

असे तीन वेळा झाले. तिन्ही वेळा त्यांचा हात थांबला होता तोवर शेजारचे मूल काहीतरी शोधत होते.

फिल्म संपली. माझ्या तबकड्या रिकाम्या फिरत राहिल्या. दांडी ओढायचे कोणाला सुचले नाही.

"हात कापतो त्यांचा," समितीतला एक जण हळूच म्हणाला.

"हो," प्राचार्य म्हणाले. "कापतो." मग ते मुलांकडे वळले. "तुम्ही समजता तसं नाही हे. कॉलेजनं सुरुवात केली नाही. बाईंच्या घरून पत्र आलं होतं."

बाईंनी मुलीकडे पाहिले.

"माझं होतं ते," मुलगी म्हणाली. "जिन्यात पडलीस तेव्हा दुकानात फोन आला मला. धावत आले, तर तू पायरीवर बसून पोरांना सांगतेयस, आधी फिती उचला. कपाळाला खोक पडलेली."

"मला विचारायचं नाहीस?"

"नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. एकदा. मग तू चिडली असतीस, मी जेवले नसते, आणि दुसऱ्या दिवशी चहा घेताना आपण बोललो असतो." बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "तू पत्र लिहिलंस, यांनी पत्र लिहिलं, तिकडे समिती बसली. मी आपली रोज वर येऊन शिकवतेय."

 मुलीने कोटाच्या खिशात हात घातले, काढले, पुन्हा घातले.

प्राचार्य खुर्ची ओढून बाईंसमोर बसले. मला वाटते त्या वेळी ते प्राचार्य राहिले नव्हते. "बाई, तुम्हाला काय हवंय?"

मित्रांनो, इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

"मला दम लागतो," बाई म्हणाल्या. "ती खोटं लिहीत नाही. घरी गेल्यावर जेवायचीही शुद्ध नसते. पण शिकवताना नाही लागत दम. तुमचे ते साठ जिने चढताना लागतो."

"साठ पायऱ्या, बाई," वकील पुटपुटला.

"तुझ्या साठ पायऱ्या, माझे साठ जिने. टेबल खाली आणा. एक वर्ष शिकवीन. मग मी स्वतः सांगेन."

प्राचार्यांनी समितीकडे पाहिले. समितीला अजून तीन मजले उतरायचे होते. कोणी वाद घातला नाही.

मला सुटा करून खाली आणले. पाय वेगळे, तबकड्या वेगळ्या. मुलांनी प्रत्येक स्क्रू कागदात गुंडाळून त्यावर नंबर लिहिला. तरी एका चाकाचा दात तुटलाच. तेव्हापासून मी एका ठिकाणी टक् वाजतो. मुले हळहळली. बाई म्हणाल्या, "वाजू दे. कुठे आहे ते कळतं."

जुन्या सामानाच्या खोलीत, फाटकापासून वीस पावलांवर, बाईंनी एक वर्ष शिकवले. मुलगी सकाळी स्कूटरवरून सोडून जाई, दुपारी घ्यायला येई. कधी लवकर आली तर दारात उभी राहून बघे. आत ये म्हटले तर म्हणे, "नको, चालू दे तुझं." वर्ष संपले तेव्हा बाईंनी चष्म्याचे घर पिशवीत टाकले आणि प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सांगितले, आता पुरे. त्यासाठी कोणाला पत्र लिहावे लागले नाही.

त्यानंतर सात महिन्यांनी मुलगी एकटी आली. टोपी शेवटच्या वर्षाला होती, पण माझ्यावर नव्या मुलांना आता तीच शिकवी. तिच्या वर्गातली मुले जेवायला गेली होती. मुलगी स्टुलावर बसली. "आई गेली," म्हणाली. टोपीने तिच्यासाठी पाणी आणले. मुलगी पाणी प्यायली आणि सांगू लागली की शेवटचे वर्ष आईला घरी फार बोलायचे असायचे, कोणी काय कापले, कोणी काय ठेवले. "मला अर्धं कळायचं नाही. पण मी विचारायचे. आधी विचारत नव्हते." थोड्या वेळाने ती उठली. माझ्यावरची धूळ तिने कोटाच्या बाहीने पुसली आणि दुकानाची वेळ झाली म्हणून गेली.

मी आता फार चालत नाही. दिवा जुना आहे, पट्टा मिळत नाही. मला जपा, असे मी सांगणार नाही. ज्यांनी जपायचे त्यांनी जपले. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी थकलेले असेल, तुमच्या शाळेत कोणाचा हात कापत असेल, तर त्यांच्यासाठी काही ठरवण्याआधी, अगदी प्रेमाने ठरवण्याआधीही, त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना विचारा. कधी कधी दमलेल्या माणसाला सुट्टी नको असते, फक्त जिना नको असतो.