लागेल तेवढी हवा

कौमुदीनं हवेचा कॉक केसभर उघडला आणि दाबमापकाचा काटा शून्याकडे सरकू लागला.

“आई, आता हलू नकोस हं. तुझी शाल हलली तरी काट्याला कळतं.”

आई भिंतीजवळच्या स्टुलावर अवघडून बसली होती. सांगलीहून श्टुटगार्टला येऊन तिला आठवडा झाला होता. आज सकाळी आपण होऊन म्हणाली, तुझी प्रयोगशाळा बघते. दोघी त्सुफेनहाउझेनच्या घरून एस-बान लोकलनं आल्या. दाराशी केलर नावाच्या म्हाताऱ्या टेक्निशियननं बाहेरच्या कपाटाकडे बोट दाखवलं, आणि आईनं निमूटपणे मोबाइल तिथे ठेवला. हायड्रोजन चालू असताना आत फोन नेता येत नसे.

“पेटलंय का हे? दिसत तर काहीच नाही.”

कौमुदीनं लांब दांड्याला बांधलेली तार नळकांड्याच्या तोंडावर धरली. तार लालभडक झाली.

“अगं बाई! म्हणजे एखादा हात घालायचा.”

“या नळकांड्याच्या भिंतीला बारीक छिद्रं आहेत. ज्योत भोवतालची हवा आत ओढते, आपण छिद्रांतून ती पुरवत राहायची. आतला-बाहेरचा दाब सारखा होऊन काटा शून्यावर आला की तिला लागते तेवढी मिळाली. तो आकडा लिहायचा.”

“वाढत राहायचं, नि ताटावर हात आडवा आला की थांबायचं.”

“गेनाऊ,” कौमुदी जर्मनमध्येच म्हणून गेली आणि हसली. “अगदी तसंच.”

“पेटल्यावर जास्त ओढत असेल.”

“उलट. नुसता वायू सोडला तर जास्त ओढतो. जळायला लागला की कमी.”

आई तारेकडे बघत राहिली. तार विझून काळी पडली होती.

“ह्यांचंही शेवटी तसंच झालं. चमचाभर पेज, तीही नको म्हणायचे.”

कौमुदी वहीत काहीतरी लिहू लागली. फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारीही तिचा फोन त्याच कपाटात होता. सकाळी दहा वाजून बारा, दहा एकोणीस, दहा एकतीस. आईचे तीन मिस्ड कॉल. अकराला बाहेर येऊन तिनं उलट फोन केला, तेव्हा बाबा गेले होते. त्यानंतर ती दहा दिवस सांगलीला राहिली, पण बाबांनी आपल्याला बोलावलं होतं का, हे विचारलं नाही. प्रश्न ओठांशी आला की ती चहा टाकायला उठायची.

इथे चहा नव्हता.

“आई, त्या दिवशी बाबा...”

“मी फोन केले ते हे गेल्यावर,” आई लगेच म्हणाली, आधीपासून तयार असल्यासारखी. “आधी नाही. झोपेतच गेले. कुणाचं नाव नाही, की काही नाही. तू उचलला असतास तरी काय करणार होतीस?”

कौमुदीचा हात कॉकवर तसाच राहिला. हॉस्पिटलचा कागद तिनं स्वतः महापालिकेत नेऊन दिला होता. त्यावर बाबा गेल्याची वेळ होती, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. हिवाळ्यात इथल्या घड्याळात साडेचार तास मिळवायचे. तिसऱ्या फोनच्या वेळी तिकडे तीन वाजून एक मिनिट झालं होतं. पहिल्या फोनच्या वेळी अजून अठ्ठावीस मिनिटं होती.

आई शालीच्या गोंड्याशी चाळा करत होती.

“बरं झालं सांगितलंस,” कौमुदी म्हणाली. “मला उगाच वाटत होतं.”

“उगाचच.” आईनं विचारलं, “तुझं त्या दिवशीचं काम तरी नीट झालं ना गं? सकाळीच ह्यांनी मला बजावलं होतं, आज तिचा प्रयोग आहे.”

त्या आठवड्यात नळकांड्याच्या खालच्या जोडातून हवा निसटत होती. ते मार्चमध्ये लक्षात आलं, आणि त्या गुरुवारची सगळी पानं कौमुदीनंच लाल पेनानं आडवी खोडली. आज ती तीच मापं पहिल्यापासून घेत होती.

“झालं की,” ती म्हणाली. “सगळ्यात चांगले आकडे त्या दिवशीचेच आले.”

“झालं तर मग,” आई म्हणाली, आणि सांगलीत दहा दिवसांत न आलेलं रडू कौमुदीला इथे आलं.