मिरच्यांच्या दिवसांतल्या गोळ्या

सप्टेंबर आला की लेस्कोवात्स शहराच्या आसपास अंगणाअंगणात लाल मिरच्या भाजतात, आणि हिवाळ्यासाठी घरात त्यांच्या चटणीच्या किती बरण्या भरल्या यावर त्या घरच्या बायकांची किंमत ठरते. रादोय्काची किंमत आठ वर्षांपूर्वीच संपली होती. स्क्लेरोडर्मा नावाच्या आजाराने तिची कातडी ताठरली, बोटं वळेनाशी झाली, आणि भाजलेल्या मिरचीची साल काढणं म्हणजे तर बोटांचंच काम. तिची थोरली जाऊ विदोसावा एकटी साली काढायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवायची.

यंदा तिला दया आली. सकाळच्या कॉफीला बसल्याबसल्या तिने स्वतःच्या दम्याच्या स्टेरॉइडच्या गोळ्या रादोय्कापुढे सरकवल्या. इथे साखर उसनी द्यावी तशा बायका एकमेकींना गोळ्या देतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. या गोळ्या तुमच्या मूत्रपिंडांवर उठतील, हात लावू नका, असं डॉक्टरबाईंनी रादोय्काला बजावलं होतं. तरी तिने घेतल्या, तीन आठवडे, रोज. बोटं जराशी सैल झाली, आणि तिने बादलीभर मिरच्या सोलल्या. तिला फार बरं वाटलं.

मग डोकं ठणकू लागलं. कॉफीच्या टेबलावरच्या यंत्रात रक्तदाब एकशे सत्तर आला. एरवी तिचा शंभराच्या आसपास असायचा.

"एवढ्याने काय होतंय? माझा दोनशे असतो, तरी राबतेच आहे ना," विदोसावा म्हणाली.

थकलेल्या माणसाला असलं बोलणं पटकन पटतं. चार दिवसांनी डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा नवऱ्याने तिला निश शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे तिने गोळ्यांचं सांगून टाकलं. रक्तदाब औषधांनी उतरला, पण लघवी जवळजवळ थांबली होती. मूत्रपिंडं वर्षभरात पुन्हा चालू लागतील, कदाचित नाहीही, डॉक्टरबाई म्हणाल्या. तोवर आठवड्यातून तीनदा डायलिसिस.

विदोसावा भेटायला आली ती रडतच. "मनाई होती तर बोलली का नाहीस गं? मी काय वैरीण आहे तुझी?"

रादोय्काला तिचा राग आला नाही. रागवायलाही अंगात त्राण लागतं.

"बोलले असते तर म्हणाली असतीस, कामाच्या वेळी हिला बरोबर डॉक्टर आठवतात."

विदोसावाने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग खुर्ची ओढून ती तिच्या उशाशी बसली.