शिसं आणि सात लांडगे

"जगातलं कुठलंही भय शिशापासून लपून राहत नाही," असं ग्रोझदाआजीने गच्च भरलेल्या खोलीत जाहीर केलं. तेवढ्यात शेजाऱ्यांचा मारका कोंबडा दारातून आत घुसला आणि आजी थेट खुर्चीवर चढली.

कोंबडा हाकलल्यावर चमत्कार पुन्हा सुरू झाला. शाळेत विज्ञान शिकवणारे झाहारी मास्तर भिंतीला टेकून बघत होते. मधोमध लाल फडक्याखाली आठ वर्षांचा लुबेन बसला होता. त्याला फेफऱ्याचे झटके येत; ते भयाने येतात, असं आजी म्हणे. त्याच्या आईने, नेदाने, त्याच्या डोक्यावर गार पाण्याचं भांडं धरलं होतं.

आजीने चुलीवरची पळी उचलून वितळलेलं थोडं शिसं त्यात ओतलं. चर्र झालं आणि पाण्यात काटेरी गुंता उमटला.

"कुत्रा," आजी म्हणाली. "पोरगं कुत्र्याला भ्यालंय."

"त्यांच्याकडे कुत्रा नाही, आजी," मागून कोणीतरी म्हणालं.

"म्हणूनच भ्यालंय. सवय नाही ना."

मग उरलेल्या शिशाची पळी चुलीच्या कडेला ठेवून आजीने सात लांडग्यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्यांदा ओतलं, तेव्हा काटे निम्मे झाले. मग आजीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आंधळ्या सुलतानाची. तिसऱ्यांदा भांड्यातून अंड्यासारखा गुळगुळीत गोळा निघाला. लोकांनी छातीवर क्रूस काढला.

"भय गेलं," आजी म्हणाली. "आता विदिनच्या डॉक्टरच्या गोळ्या बंद. गोळी दिसली की भयाला वाटतं, आपल्यालाच बोलावलंय."

त्या संध्याकाळी नेदाने गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर लुबेनची मोठी बहीण योर्दाना वर्गातच थांबली. ती नववीत होती.

"सर, आजीचं ते खरं आहे का?"

मास्तरांकडे उत्तर होतं. पण आदल्याच आठवड्यात ते सोफियाहून नव्या पद्धतीचं शिक्षण घेऊन आले होते. शिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, समस्या द्यायची. शोध मुलांनी घ्यायचा. ही पद्धत त्यांना मनापासून पटली होती. वहीत उतरवून घेतलेली उत्तरं परीक्षेनंतर कुठे जातात, ते त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. शिवाय आपण काही बोललो तर नेदा म्हणेल, मास्तर देव मानत नाही, त्याचं काय ऐकायचं. तिच्या मुलीनेच दाखवून दिलं, तर ऐकेल.

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. "खरं की खोटं, कसं शोधता येईल?"

योर्दानाने विचारलं, "तुम्हाला माहीत नाही?"

"शोधू या," मास्तर म्हणाले.

वर्ग कामाला लागला. डॅन्यूबवर गळ टाकणाऱ्या काकांकडून मुलांनी शिशाची वजनं मागून आणली आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या उघडल्या. भांड्याखाली बसायला कोणी तयार होईना, म्हणून फुटबॉल ठेवला. पाण्यात काटे आले.

"बिचारा भेदरलाय," स्तान्चो म्हणाला.

"रोज लाथा खाऊन तू भेदरला नसतास?" दुसऱ्या मुलाने विचारलं.

मग भांड्याखाली काहीच ठेवलं नाही. तरी काटे आलेच.

"काटे भीतीचे नाहीत," योर्दाना म्हणाली. "पण मग तिसऱ्यांदा गुळगुळीत कसं होतं?"

यात दोन आठवडे गेले. कोणी म्हणे पाण्यात मीठ असेल, कोणी म्हणे पळी तांब्याची असेल. मास्तरांनी उत्तर ओठांवर येऊ दिलं नाही. शेवटी एका मंगळवारी स्तान्चो पळी बाजूला ठेवून चीज भरलेली बानित्सा खात बसला आणि हात पुसून त्याने शिसं ओतलं. गुळगुळीत गोळा निघाला.

योर्दाना त्या गोळ्याकडे बघत राहिली. "आजी गोष्टी सांगते, तेव्हा पळी कडेला असते," ती सावकाश म्हणाली. "शिसं निवतं. फार तापलेलं शिसं गार पाण्यात फुटतं, निवत आलेलं गोळा होतं. लांडगे त्यासाठीच आहेत."

मुलांनी घड्याळ लावून वीस वेळा करून पाहिलं. वीसही वेळा तसंच झालं. मास्तरांना आपल्या वर्गाचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. शनिवारी गावच्या वाचनालयात सगळ्यांसमोर दाखवायचं ठरलं.

गुरुवारी लुबेन ओढ्यावर खेकडे धरायला गेला. तिथे त्याला झटका आला. पाणी गुडघाभर होतं.

लुबेनच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाचे उकडलेले गहू वाटून झाले, तेव्हा योर्दाना म्हणाली, "आता दाखवायचं." वाचनालयात सगळ्यांसमोर तिने स्वतः शिसं ओतलं. पहिल्यांदा काटे, दुसऱ्यांदा थोडे कमी, तिसऱ्यांदा गोळा. भांड्याखाली रिकामी खुर्ची होती. नेदा काळ्या कपड्यांत शेवटच्या बाकावर बसून होती. ती रडली नाही.

"माझी आई शिसं ओतताना अशाच गोष्टी सांगायची," पहिल्या रांगेतून ग्रोझदाआजी म्हणाली. "मला वाटायचं, त्या भयाला ऐकवायच्या असतात."

मास्तर उभे राहिले. "शिशाला फक्त उष्णता कळते," ते म्हणाले. "माणसाच्या पोटातलं, डोक्यातलं त्याला काही कळत नाही. आजीकडे गोष्टी ऐकायला खुशाल जा. पण औषध चालू ठेवायचं की बंद करायचं, ते डॉक्टरला विचारा. आणि कोणीही काही सांगितलं, अगदी मी सांगितलं, तरी करून बघितल्याशिवाय मानू नका."

लोक खाली मान घालून निघून गेले. योर्दाना एकटीच भांडं पुसत होती. मास्तर तिच्याजवळ गेले.

"इतक्या वर्षांत तुझ्यासारखा विचार करणारी मुलगी मी पाहिली नाही," ते म्हणाले.

तिने भांडं पालथं घातलं.

"सर, एक कराल? यापुढे कोणी सरळ विचारलं, तर आधी सांगून टाका. करून बघायचं ते आम्ही नंतर बघू."