उलट्या सांध्यांची खुर्ची

मित्रांनो, मी तुतीच्या लाकडाची खुर्ची आहे. वजन तीन किलो आठशे ग्रॅम, पाय चार, आडव्या दांड्या दहा. खिळा एकही नाही, सरसही नाही. आपली कहाणी सांगताना वस्तू बहुधा आपण किती उपयोगी पडलो हे सांगतात. मला मात्र एका माणसाला पाडण्यासाठी घडवण्यात आले, आणि त्या कामाचा मला तेव्हा अभिमान वाटत होता.

मलिहाबादला दशहरी आंब्याच्या एका बागेच्या कुंपणात तुतीचे झाड होते. तेथे इश्तियाक मियाँ राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, डावा खुबा निकामी, हात शाबूत. ते ओल्या लाकडाच्या खुर्च्या करतात. ताजे खोड पाचर ठोकून उभे फोडायचे, फाळका पायाने दाबून धरणाऱ्या बाकात अडकवायचा आणि दोन मुठींची सुरी आपल्याकडे ओढत त्याला गोलाई आणायची. करवतीने लाकडाच्या रेषा तुटतात. फोडलेले लाकूड आपल्या रेषेनेच जाते, म्हणून बारीक असूनही मोडत नाही.

त्यांचा कायदा एकच. "गीला पाया, सूखा डंडा," ते म्हणत. "फिर कील की क्या औक़ात, डॉक्टर साहिबा!"

या डॉक्टर साहिबा म्हणजे मधुमतीबाई. एका प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्या जवळच्या शहरात, जानकीपुरममध्ये राहत होत्या आणि मियाँकडे हे काम शिकायला येत. त्यांनी कायद्यावर विश्वास ठेवला नाही, तो मोजला. पाय ओला असला की वाळताना त्याचे भोक आक्रसते आणि आत बसवलेल्या कोरड्या दांडीचे टोक आवळून धरते. सहा नमुने, सहा आठवडे, रोज वजन. कायदा खरा निघाला. त्यानंतर तीन वर्षांत त्यांनी सात स्टुले केली. एकही डुगडुगले नाही.

मग एका फेब्रुवारीत धनंजय सर घरी आले. बाईंचे पूर्वीचे विभागप्रमुख. त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार मराठी मंडळ करणार होते, त्याचे निमंत्रण द्यायला.

"ऐकलं, सुतारकाम शिकताय म्हणे," सर चहा ढवळत म्हणाले. "अच्छा है! लॅबमध्येही तुमचा हातच चांगला होता. डोकं आमचं, हात तुमचा. काय?"

मधुमतीबाई हसल्या. त्यांनी अकरा वर्षे एका रेणूवर काम केले होते. निष्कर्ष छापून आला तेव्हा वर सरांचे नाव होते आणि बाईंचे शेवटी, आभारांत, 'तांत्रिक साहाय्य' या शब्दांपुढे. या गोष्टीला बावीस वर्षे झाली होती. बाईंनी ती कोणालाही सांगितली नव्हती.

"सर, तुमच्यासाठी खुर्ची करते," त्या म्हणाल्या. "सत्काराला तिच्यावरच बसा."

मित्रांनो, माझा जन्म त्या वाक्यातला. गच्चीवर मागच्या वर्षीचे चार पाय वाळून खडखडीत झाले होते. बाईंनी ते घेतले. दांड्यांसाठी मलिहाबादहून ताजे लाकूड आणले आणि पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. कोरड्या पायांत गिरमिटाने भोके पाडली आणि ओल्या दांड्या त्यांत ठोकल्या. पाय सुका, दांडी ओली; कायदा उलटा. सोळा मिलिमीटरचे टोक वाळून सुमारे एक मिलिमीटर बारीक होते, तेही सारखे नाही, अंडाकृती होते. बाईंनी वहीत लिहिले : 'सत्कार वीस मे. हवा कोरडी, लूचे गरम वारे. पुढचा उजवा सांधा आधी सुटेल.' बैठक खाटेला वापरतात त्या मुंज गवताच्या दोरीने घट्ट विणली, म्हणजे त्या दिवसापर्यंत सुटलेपण झाकले जाईल.

लाकडाला मन नसते, असे बाई म्हणत. त्यावर मी वाद घालणार नाही. पण एप्रिलभर माझे एकेक टोक आपल्या भोकात सैल होत होते, आणि मी कोणाची वाट पाहत होते हे मला माहीत होते.

वीस मेला आलमबागच्या हॉलमध्ये साठ प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. व्यासपीठावर मी एकटी. सरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहत फोटो काढून घेतला, आणि मग माईक हातात घेतला.

"हा मान आधी या कलेच्या उस्तादांचा! मी मुद्दाम मलिहाबादला गाडी पाठवली होती." त्यांनी पडद्यामागे हात केला. "आइए मियाँ, पहले आप बैठेंगे."

काठी टेकत इश्तियाक मियाँ आले. मधुमतीबाईंना हे ठाऊक नव्हते. वहीत हे नव्हते. म्हातारा, निकामी खुब्याचा माणूस माझ्याकडे पाठ करून वाकू लागला. "हमारी शागिर्द की कुर्सी है," तो कौतुकाने म्हणत होता.

बाई पहिल्या रांगेत होत्या. अंतर साडेतीन मीटर. ओरडल्या असत्या तर कारण सांगावे लागले असते. त्या ओरडल्या नाहीत. धावल्या, मियाँचा दंड धरून त्यांना बाजूला केले आणि स्वतः माझ्यावर बसल्या.

पुढचा उजवा सांधा आधी सुटला. भाकीत अचूक होते. पाठोपाठ दुसरा, मग बैठक तिरपी झाली आणि बाई व्यासपीठाच्या फळ्यांवर आपटल्या. मनगट मुरगळले.

हॉलमध्ये हशा पिकला. सर्वांत मोठा आवाज सरांचा. "काय हो बाई! प्रयोग फसला वाटतं?"

"नाही, सर," बाई जमिनीवरूनच म्हणाल्या. "प्रयोग बरोबर आला. माणूस चुकला."

हशा विरला. मियाँनी निखळलेली दांडी उचलली, टोक डोळ्यांजवळ नेले, अंगठ्याने त्याची अंडाकृती चाचपली, मग पायाचे भोक पाहिले. "गीला डंडा, सूखा पाया," ते सावकाश म्हणाले. "यह भूल नहीं है. आपने मेरे क़ायदे से झूठ बुलवाया."

"हो," बाई म्हणाल्या. "ही सरांसाठी होती. हे सर मला 'तांत्रिक साहाय्य' म्हणाले, म्हणून." आणि बावीस वर्षे न सांगितलेली गोष्ट त्यांनी मनगट धरून सांगितली; तारखांसह, वह्यांच्या क्रमांकांसह, आवाज न चढवता.

"डोक्याला लागलंय त्यांच्या," सर म्हणाले. कोणी हसले नाही. शाल, श्रीफळ, भाषणे झाली. तो पाऊण तास धनंजय सर उभेच राहिले. मंडळाच्या चिटणीस अनघाताईंनी दोनदा खुर्ची पुढे सरकवली. सरांनी दोनदा तिच्या पायांकडे पाहिले आणि "असू दे" म्हणाले. हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या. मी तुकड्यांत पडून तो पाऊण तास मोजला. मला तो पुरला नाही.

मियाँनी बाईंना मलिहाबादला बोलावले आणि माझे नवे पाय ओल्या लाकडातून फोडायला लावले. दांड्या त्याच, आता वाळलेल्या. टोके पुन्हा घडवली. ते काम संपेपर्यंत मियाँ त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. मियाँ पडले असते, याचा बाईंना पश्चात्ताप झाला. इराद्याचा झाला की नाही, याबद्दल माझ्याकडे पुरावा नाही.

मित्रांनो, वस्तूंना जपा, असे सांगण्याची रीत आहे. मी थोडे वेगळे मागते. तुमचा राग वस्तूच्या सांध्यांत भरू नका. कोण बसेल हे वस्तूला निवडता येत नाही. जे म्हणायचे ते तोंडाने म्हणा, तेही बावीस वर्षे उलटण्याआधी.

इश्तियाक मियाँ आता महिन्यातून एकदा जानकीपुरमला येतात. बसण्याआधी मला दोन्ही हातांनी धरून हलवतात. अजूनही, प्रत्येक वेळी. मी तसूभरही हलत नाही, तरी हलवतात.

धनंजय सर अद्याप आलेले नाहीत. त्यांनी खुशाल यावे. माझे सांधे घट्ट आहेत, मी त्यांचे वजन सहज पेलेन. ते बसणार नाहीत. माझ्यासमोर उभे राहतील, आणि तेवढा वेळ मी पुन्हा मोजेन.