वाटाण्याएवढी अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. पडदा सतरा इंची, वजन पिशवीचा बंद तुटेल एवढं, आणि मुक्काम लालबागच्या एका चाळीत, खिडकीजवळच्या टेबलावर. तब्येत म्हणाल तर ठणठणीत. तरीही मला करमत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला पहिली जाग आली ती दुकानाच्या झगमगाटात. घरात एकच लॅपटॉप घ्यायचा आणि तो सगळ्यांना पुरला पाहिजे, असं ठरवून वैभव तिथे आला होता. त्याने मला उचलून पाहिलं, आकड्यांच्या वेगळ्या बटणांवर बोटं फिरवली, आवाज वाढवून गाणं ऐकलं. पण खरी परीक्षा घरी झाली. त्याची आई सुभद्राबाई म्हणाल्या, "अगो बाई, एवढा मोठा? ह्याला ठेवू कुठे, डोक्यावर?" त्याची मुलगी प्राची म्हणाली, "पप्पा, कॅमेरा एकदम बकवास आहे, पण स्क्रीन भारी!" दोघींचंही खरं होतं. बॅटरीच्या बाबतीतही मी कधी शूर नव्हतो, वायर काढली की थोड्याच वेळात मान टाकायचो. पडदा मात्र माझा देखणा आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी आता सांगत नाही.

सुरुवातीची वर्षं धावपळीत गेली. सकाळी प्राचीची शाळा माझ्यावर भरायची, दुपारी वैभवचं ऑफिस. रविवारी सगळं घर माझ्यासमोर बसून सिनेमा बघायचं आणि शेजारची मुलंही दारात उभी राहायची. मग प्राचीला मोबाइल मिळाला. वैभवला ऑफिसने एक सडपातळ लॅपटॉप दिला. रविवारी चौघं चार कोपऱ्यांत बसू लागले आणि माझ्यावर इस्त्रीचे कपडे येऊन पडू लागले.

उरले ते एकटे दौलतराव, वैभवचे वडील. त्यांचं आयुष्य गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर गेलं. गिरणी बंद पडली, पुढे डोळेही अधू झाले. मोबाइलवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसायची. प्राचीने एकदा माझ्यावर बातम्या उघडून अक्षरं मोठी करून दिली, अगदी वाटाण्याएवढी. आजोबा खुर्ची पुढे ओढून वाचायला लागले ते थांबेनातच. त्यानंतर रोज सकाळी ते माझ्यासमोर बसायचे. एका बोटाने पान सरकवायचे आणि मोठ्याने वाचायचे. सुभद्राबाई कोलंबी सोलता सोलता ऐकायच्या. "राजकारण नको, पुढचं वाचा," असं म्हणायच्या आणि राजकारण आलं की सर्वांत जास्त त्याच बोलायच्या. मला ती सकाळ फार आवडायची.

गेल्या दसऱ्याला दौलतरावांनी माझी पूजा केली. गिरणीत दसऱ्याला साच्याची पूजा व्हायची, ती सवय त्यांच्या हातातून गेली नव्हती. मला बंद करून त्यांनी पुसलं, झेंडूचं फूल वाहिलं. माझ्या पडद्याच्या खाली एक जाळी आहे, तिथून गरम हवा बाहेर पडते. त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि बायकोला म्हणाले, "हा श्वास इथून घेतो. म्हणजे जीव इथेच असणार." आणि हळद, कुंकू, अक्षता त्यांनी त्या जाळीवरच वाहिल्या. एवढ्या मायेने मला आजवर कोणी हात लावला नव्हता. मी फुशारलो होतो, मित्रांनो.

अक्षता आत गेल्या, थेट पंख्यात. मी खडखडू लागलो, तापू लागलो, वाचता वाचता मध्येच बंद पडू लागलो. वैभवने मला तपासलं. "स्पीड गेला, बॅटरी गेली, आता भंगारातच," असा निकाल देऊन, एक शेवटचा प्रयत्न म्हणून तो मला परळच्या एका दुकानात घेऊन गेला. तिथे माझं पोट उघडलं आणि लालसर तांदूळ टेबलावर सांडले. दुकानातले सगळे हसले. वैभव हसला नाही.

पंखा साफ झाला, नवी बॅटरी बसली, मी पुन्हा धावू लागलो. घरी आल्यावर वैभवने ते तांदूळ कागदातून काढून वडिलांसमोर ठेवले. "बाबा, मशीन आहे ते, देव्हारा नाही! आता कृपा करून हात लावू नका." दौलतराव तांदळांकडे बघत राहिले. "चुकलं रे माझं," एवढंच म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कोलंबी मुकाट्याने सोलली जाऊ लागली. शेवटी सुभद्राबाईंनीच वैभवला गाठलं. "लॅपटॉप दुरुस्त करून आणलास. आता तुझ्या बापाला कुठल्या दुकानात नेतोस?"

वैभव ओशाळला. त्याने स्वतः मला उघडलं, अक्षरं मोठी केली, वडिलांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "बाबा, वाचा."

"नको रे. परत काही झालं म्हणजे?"

"झालं तर परत करून आणू." तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला.

आम्ही दोघंच उरलो. दौलतरावांनी समोर दिसत होतं तेवढं वाचलं, मनातल्या मनात. ओळी संपल्या. पान सरकवायला त्यांनी बोट पुढे केलं, माझ्याजवळ आणलं आणि मागे घेतलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ते वैभवची वाट बघत बसले. वैभव आला नाही. कोणी हात लावला नाही की माझा पडदा आपोआप विझतो, तसा तो विझला. त्यांना वाटलं, मी पुन्हा बिघडलो. ते घाबरून उठले आणि गेले.

मित्रांनो, यंत्राला जपा, धुळीपासून जपा, अक्षतांपासूनही जपा. पण यंत्र दुरुस्त होतं. तुमच्या घरी असा एखादा मागे घेतलेला हात असेल, तर त्याच्या शेजारी थोडा वेळ बसा. मी त्या दिवशी बिघडलो नव्हतो. त्यांनी नुसतं बोट लावलं असतं तरी मी उजळलो असतो, आणि हे त्यांना सांगायला तिथे कोणीही नव्हतं.