क्लॅरीची तुटकी तार

मित्रांनो, संग्रहालयाच्या छताला टांगलेले काठ्या, कापड आणि तारांचे हे गबाळे दिसते आहे ना, ते मीच. दुहेरी पंखांचे जुने विमान! ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या समुद्रकाठच्या माळावर लष्कराची पोरे माझ्यावर बसून उडायला शिकली.

माझ्या पंखांमध्ये तारांचे दाट जाळे आहे. त्यावरून मेकॅनिक डूली मला सारखा चिडवायचा, "आत चिमणी सोडा रे. बाहेर आली, तर समजा एक तार कमी आहे!" मला भारी राग यायचा. मी विमान होते, पिंजरा नव्हते.

जमिनीवर मला नीट वळता येत नसे. म्हणून मी उतरले की सगळे धावत यायचे, शेपूट उचलायचे आणि मला शेडकडे ढकलत न्यायचे. त्यांच्या हातांना ती सवयच जडली होती.

एकदा क्लॅरी पेंगेली हा नवशिका एकटाच मला उतरवत होता. गवत आखूड राहावे म्हणून माळावर मेंढ्या सोडलेल्या असत. नेमकी एक आडवी आली. तिला वाचवायला त्याने मला वळवले, पंख जमिनीला घासला आणि मी नाकावर उलटले. क्लॅरी तारांत अडकला. माझे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे असते; ते तापलेले आता त्याच्या वरती आले होते, आणि टाकीतून पेट्रोल टपकत होते.

सगळे धावत आले आणि सवयीने शेपूटच उचलू लागले! तशी एक तार क्लॅरीच्या छातीत रुतली.

"शेपूट सोडा, गाढवांनो! मरतोय मी!"

मला हलता येईना. ज्याला सांभाळायचे, त्यालाच मी आवळत होते. इतके असहाय मला कधीच वाटले नव्हते.

डूली पक्कड घेऊन पेट्रोलमधून सरपटत आत आला. "हलू नकोस, गड्या. आलोच."

तार कटकन तुटली. क्लॅरीला बाहेर ओढले. बरगड्या धरून तो कण्हत हसला, "डूली, एक तार कमी झाली बघ."

"असू दे," डूली म्हणाला.

पुढे मला दुरुस्त केले, पण ती तार डूलीने कुणाला बसवू दिली नाही. एक तार कमी, म्हणून मी पुन्हा उडाले नाही. आता संग्रहालयातले लोक नवी तार घेऊन आले आहेत. म्हणतात, विमान अपुरे दिसते.

काल एक चिमणी माझ्या जाळ्यात शिरली. घाबरून खूप फडफडली आणि शेवटी क्लॅरीच्या वाटेने बाहेर पडली. मित्रांनो, माझी धूळ पुसा, फाटलेले कापड शिवा. पण तेवढी एक वाट बंद करू नका.