चौदा चुका

बायको झबीना वारल्यापासून चार महिने गॉटहिल्फ वेर्निकेने चेलोला हात लावला नव्हता. त्या दुपारी लावला तो बासरीवाल्या बाल्टाझारच्या हट्टापायी.

"एकदा वाजवून बघ. नाही जमलं तर टाक माळ्यावर. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

झबीनाच्या हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांपुढे रोजीना बसली होती, चर्चमधल्या ऑर्गनवाल्याची बहीण. गॉटहिल्फ नेहमीसारखा वाजवणारीच्या खांद्यामागे बसला. दोघांना कागद एकच. त्यावर फक्त खालचे सूर आणि सुरांच्या डोक्यावर आकडे. सूर वाजवायचे चेलोने आणि हार्पसिकॉर्डच्या डाव्या हाताने. उजव्या हाताने काय वाजवायचं, ते आकडे बघून जागच्या जागी ठरवायचं. म्हणजे झबीनाचा उजवा हात कुठे लिहिलेलाच नव्हता. तो तिच्याबरोबर गेला होता, आणि तेच गॉटहिल्फला सोसत नव्हतं.

संथ भागात रोजीना थांबली. "हे बासरीशी भांडतंय. इथे सहा लिहिलाय, सात हवा. कुणी उतरवलंय?"

"मी. अकरा वर्षं ह्याच कागदावरून वाजवतोय. झबीना कधी अडली नाही."

रोजीनाने पान उलटलं. "इथेही चूक. ही आणखी एक. अहो वेर्निके, बिअर पिऊन लिहायला बसला होतात की काय?"

बाल्टाझारला हसू आवरेना. "तिला ठाऊक होतं रे. मला दम दिला होता, बोललास तर कॉफी बंद. तुला तुझ्या अक्षराचं केवढं कौतुक!"

गॉटहिल्फ कागदाकडे बघत राहिला. चेलोवाल्याला आकड्यांशी काम नसतं. त्याने ते नुसते उतरवले होते. अकरा वर्षं तिच्या डोळ्यांपुढे चुकीचा आकडा होता आणि बोटांखाली बरोबर सूर. आणि मागे हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्याला पत्ता नाही.

"किती आहेत?"

रोजीनाने मोजल्या. "चौदा. दुरुस्त करू?"

"नको. तिथे ती काय वाजवायची?"

"सगळं कसं सांगू? पण बासरीला तिथे चालतील असे सूर ठरलेले असतात. तेवढे तरी तिने वाजवलेच असणार."

"मग तेवढे वाजवा."

पहिली चूक जवळ आली. बासरीचा लांबलेला सूर, त्याखाली रोजीनाचा उजवा हात. हे त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि आज पहिल्यांदा ऐकत होता.  गज मात्र थांबला नाही.

दुसरी चूक अजून तीन ओळी लांब होती, आणि उरल्या होत्या फक्त तेरा.

"सावकाश, बाल्टाझार," तो म्हणाला. "सावकाश घे."